पिंपळमाळ स्टेशनावरील न झालेल्या चोऱ्या

१

इसवी सन १९३५ च्या फाल्गुन महिन्यात, भोरच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी एक विलक्षण प्रकार घडला. मानसिंग नावाचा जुनी भांडी विकणारा इसम आपला माल मांडून बसला असता हिर्डोशीची धोंडाबाई नावाची एक वृद्ध स्त्री त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने भांड्यांकडे पाहिले नाही. भांड्यांखाली अंथरलेल्या जुन्या गोधडीकडे ती कितीतरी वेळ टक लावून पाहत राहिली, आणि एकाएकी खाली वाकून तिने ती गोधडी दोन्ही हातांनी ओढली. हंडे-कळशा गडगडल्या. एक घागर मानसिंगाच्या कपाळावर आदळून रक्त निघाले, तरीही म्हातारीने गोधडी सोडली नाही.

"ही माझी हाय," एवढेच ती म्हणत होती. "रेलच्या ठेसनावर चोरीला गेली. माझी हाय."

संस्थानच्या पोलिसांनी तिला धरून नेले. तिने सांगितलेल्या पिंपळमाळ स्टेशनाविषयी रेल्वे पोलिसांकडे पत्र गेले. तेथून उत्तर आले की, सदर स्टेशनावर गेल्या सबंध वर्षात एकही चोरी झालेली नाही. झालेली नसलेली चोरी सांगून दुसऱ्याचा माल ओढणारी ती बाईच मग चोर ठरली. होळी झाल्यावर तिचा निकाल व्हावयाचा होता.

हे उत्तर ज्या कचेरीतून गेले, त्या पुण्याच्या कचेरीत मी नोकरीस होतो. रेल्वेच्या पोलीसचौक्यांवर देखरेख ठेवणे हे माझे काम. कोठे गुन्हे वाढले, कोठे घटले, याचा ताळा पाहावयाचा. वाढले तेथे जाऊन कारण विचारावयाचे, घटले तेथील जमादाराची शिफारस करावयाची. असा मनुष्य कोणासही आवडत नाही. मी आलो म्हणजे चौकीतील गप्पा थांबत, आणि मी गेलो म्हणजे पुन्हा सुरू होत. माझी वळकटी निरनिराळ्या वेटिंग रूममध्ये पसरली जाई. पत्नी निवर्तल्यापासून पुण्यातील माझ्या खोलीस बहुधा कुलूपच असे.

पिंपळमाळचा जमादार चिमाजी याच्या शिफारशीचा कागद माझ्यापुढे होता. तो मी वाचला आणि भोरचे पत्रही वाचले. पिंपळमाळच्या अलीकडील स्टेशनावर चोऱ्या होत्या, पलीकडील स्टेशनावरही होत्या. गाडी तीच, उतारू तेच. चोराने मधल्या एकाच स्टेशनास का बरे वगळावे?

मी शिफारशीवर सही केली नाही. वळकटी बांधली आणि सर्व्हिस मोटारीने भोरचा रस्ता धरला.

२

"दीनानाथराव, आपण नक्की वाट चुकलात," भोरचे फौजदार आनंदराव हसून म्हणाले. "आमच्या मुलखात रूळ नाही की शिट्टी नाही. रेल्वेचा माणूस येथे म्हणजे मासा डोंगरावर."

मी मानसिंगाची भेट मागितली. तो कपाळास चिंधी बांधूनच आला.

"नसरापूरच्या बाजारात जुनी भांडी घेतली, ती या गोधडीत गुंडाळलेली होती," तो म्हणाला. "कोणी दिली म्हणाल तर सांगता येणार नाही. मी देणाऱ्याचं तोंड बघत नाही, भांड्याचा तळ बघतो."

नंतर धोंडाबाईस आणले. ती भिंतीशी टेकून बसली आणि माझ्याकडे निरखून पाहू लागली.

"तुमी लिवनार हाय, का नुसतं इचारनार हाय?" तिने विचारले.

"लिहिणार आहे."

"मग इचारा."

गोधडी माझ्या हातात घडी केलेलीच होती. तिच्यात काय काय आहे, असे मी विचारले.

"मदी आमच्या मालकाचं धोतर. कडंला माझ्या ठकूचा परकर, हिरवा. ते तर कुनीबी बगून सांगंल. पर आत ठकूची बारशाची कुंची हाय. ती म्या दोन पदरांच्या मदी घालून शिवली, तिच्या लेकराला ऊब लागावी म्हनून. कुंचीला येका बाजूला गोंडा न्हाई. उसवून बगा."

आनंदरावांनी चाकूने टाके उसवले. आतून एक विटलेली कुंची निघाली. तिला एकाच बाजूस गोंडा होता.

"गोधडी तिचीच," आनंदराव मला बाजूला नेऊन म्हणाले. "पण तिनंच विकली नसेल कशावरून? आणि हे मी म्हणत नाही, तिचा जावई म्हणतो. कोरेगावाकडचा आहे. नातवासाठी चांदीचे वाळे घेऊन सासू यायची होती, ती हात हलवीत गेली. चोरी झाली म्हणाली. जावयाने स्टेशनावर जाऊन विचारले, तर तेथे चोरीच नाही. म्हातारीने वाळे मोडून खाल्ले आणि वर खोटे बोलली, असे त्याने ठरवले. मुलीला माहेरी धाडणे बंद केले आहे."

आम्ही परत आत गेलो. तुरुंगाची गोष्ट काढली तेव्हा धोंडाबाई म्हणाली, "तुरुंगाचं काय न्हाई हो. तितंबी भाकरी मिळंलच. पर माझी लेक मला चोरटी समजती."

मग मी तिला त्या दिवसाची हकीगत आरंभापासून सांगावयास लावली.

"म्या वाळं गोधडीतच बांधून बोचकं घिऊन ठेसनावर गेले. ऊन लई हुतं. बसले, उठले, तर बोचकं न्हाई. पानी देनारा मानूस लई भला, त्यानं हात करून दावलं, त्यो बगा तिकडं पळाला म्हनून. म्या धावले, पर माझं वय काय धावायचं हाय? मग चौकीत गेले. जमादार म्हनला, गाव कंचं? म्या म्हनलं, हिर्डोशी. त्यो म्हनला, मग भोरला जाऊन सांग."

"आणि भोरला?"

तिने आनंदरावांकडे पाहिले. आनंदराव खिडकीबाहेर पाहू लागले.

"भोरला म्हनले, रेल आमची न्हवं."

३

आनंदराव प्रामाणिक गृहस्थ होते. चहा मागवून ते म्हणाले, "ही एकटीच नव्हे. अशी माणसे येतात. वेल्ह्याकडची येतात, हिरडस मावळातली येतात. आम्ही परत लावतो. करणार काय? स्टेशन इंग्रजी हद्दीत."

"त्यांपैकी कोणाचे नाव आठवते?"

"वेल्ह्याचा गेनबा. दारात बसूनच राहिला होता, उठेना. त्याच्यासाठी शिपाई बोलवावा लागला."

दुसऱ्या दिवशी मी वेल्ह्यास गेलो. अर्ध्या वाटेपर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे पायी. तोरण्याची सावली शेतांवर उतरली होती आणि त्या सगळ्या खोऱ्यात एकटा मीच चालत आहे असे वाटत होते. गेनबा अंगणात नाचणी पाखडत होता. पोलीस म्हटल्यावरही त्याने सूप खाली ठेवले नाही.

"आता आला व्हय?" तो म्हणाला. "म्या तर ती भांडी इसरूनबी गेलो. तुमी उगा आठवन काढाया आला."

तथापि त्याने सांगितले. धाकट्या भावाचा संसार साताऱ्यास मांडावयाचा, म्हणून भांडी घेऊन तो निघाला होता. संस्थानच्या नाक्यावर जकात भरली. कारकुनाने बोचक्यावर कावेचा तांबडा ठसा मारला. स्टेशनावर गाडीची वाट पाहत असता बोचके गेले.

"कुनी नेलं, बगितलं न्हाई. येक जन म्हनला, मालगाडीकडं गेला बगा. म्या मालगाडीच्या खालनंबी बगितलं. चौकीत गेलो तर, गाव कंचं? वेल्हं म्हनलं, संपलं. पुढचं कुनी ऐकूनच घेतलं न्हाई."

त्याने आपल्या माहितीतील आणखी दोघांची नावे सांगितली. तीही माणसे संस्थानचीच होती. मी त्यांनाही भेटलो आणि त्यांचेही तसेच ऐकले.

परतीच्या वाटेवर एक विचार मनात येऊन मी जागीच थांबलो. चौकीत संस्थानच्या माणसाची फिर्याद घेत नाहीत, म्हणून अशांच्या चोऱ्या लिहिल्या गेल्या नाहीत, हे उघड होते. परंतु पिंपळमाळला सासवड-जेजुरीचे लोकही चढतात उतरतात. त्यांची एखादी तरी चोरी झाली असती, तर ती लिहिली गेलीच असती. एकही लिहिलेली नाही, याचा अर्थ त्यांची झालीच नाही. चोर फक्त संस्थानची माणसे निवडत होता.

फलाटावर सगळ्यांच्या अंगावर तीच घोंगडी आणि डोक्यावर तेच मुंडासे. मग कोणता माणूस भोरचा आणि कोणता जेजुरीचा, हे चोरास चोरीपूर्वी कसे कळत असावे?

माझ्या डोळ्यांसमोर तो कावेचा तांबडा ठसा आला.

४

नाक्यावरील कारकून केशव हा तरुण ब्राह्मण गृहस्थ होता. ओसाड माळावर एक झोपडी, एक आडवा बांबू आणि तो. बोलावयास माणूस मिळाला याचा त्यास इतका आनंद झाला की, मी चौकशीस आलो आहे हे कळूनही त्याने मला गूळशेंगा दिल्या.

"ठसा मीच मारतो," तो म्हणाला. "दुसरे कोण मारणार? येथे मी आणि हा बांबू."

"ठशावरून माणूस संस्थानचा हे कोणासही कळेल."

त्याचा चेहरा उतरला. "आपला संशय माझ्यावर आहे?"

"आपणास ठाऊक असते की, कोणत्या बोचक्यात काय आहे आणि ते कोणाचे आहे. स्टेशनावर आपला कोणी साथीदार असला तर त्यास फक्त तांबडी खूण पाहावयाची."

केशवाने हातातील शेंगांची टरफले चुरगाळून बाजूस टाकली. मग म्हणाला, "आपण एका म्हातारीच्या गोधडीसाठी फिरत आहात ना? त्या गोधडीवर ठसा आहे का?"

गोधडी मी दोन्ही बाजूंनी पाहिली होती. कावेचा डाग एकदा बसला म्हणजे धुऊनही जात नाही. आणि त्या गोधडीवर तो नव्हता.

"असणारच नाही," केशव म्हणाला. "जकात विक्रीच्या मालावर आणि नव्या भांड्यांवर. घरच्या जुनेरावर घेऊ लागलो, तर लोक मलाच गोधडीत गुंडाळून ओढ्यात टाकतील."

माझे सर्व अनुमान त्या माळावर ढासळले. धोंडाबाईच्या बोचक्यावर कसलीही खूण नव्हती, तरीही चोराने तिला ओळखले होते.

५

पिंपळमाळ स्टेशनावर मी उन्हाच्या वेळी पोहोचलो. अंगावर साधा पोशाख होता. घसा कोरडा पडला होता. फलाटाच्या टोकास पाण्याची खोली होती आणि दारात पाणी देणारा सावळाराम झारी घेऊन उभा होता. माझ्या आधी एक बाई होती. तिला त्याने रिवाजाप्रमाणे विचारले, "कोन लोक? गाव कंचं?" जात कळल्यावाचून पाणी कसे द्यावयाचे, ओंजळीत की दुरून पन्हळीने, हे ठरत नसे. म्हणून हा प्रश्न कोणासही टोचत नसे.

माझी पाळी आली. "कोन लोक, पावनं? गाव कंचं?"

"मराठे. पुण्याचा."

"पिशवी कट्ट्यावर ठेवा, हितं चिखुल हाय."

मी पिशवी खोलीच्या खिडकीखालील कट्ट्यावर ठेवली, उकिडवा बसलो, दोन्ही हातांची ओंजळ तोंडास लावली आणि मान खाली घालून पोटभर पाणी प्यालो. डोळ्यांवर पाण्याचा हबकाही मारला. उठून पिशवी घेतली आणि चौकीकडे चालू लागलो.

चौकीच्या पायरीवर माझे पाऊल अडखळले. मला कोणी विचारते तर, पिशवी मी सबंध वेळ घट्ट धरून आलो, असे मी शपथेवर सांगितले असते. मध्ये मी पाणी प्यालो होतो, हे माझ्या लक्षातही नव्हते. पाणी पिणे ही काय सांगावयाची गोष्ट आहे? धोंडाबाई म्हणाली होती, बसले, उठले, तर बोचके नाही. ती बसली होती कशासाठी, हे मी तिला विचारलेच नव्हते.

जमादार चिमाजीने मला ओळखून सलाम केला. मी त्यास धोंडाबाईविषयी विचारले. त्याने काहीच लपवले नाही.

"साहेब, आधी म्या लिवत हुतो," तो म्हणाला. "पर संस्थानातला फिर्यादी कोर्टात आनायचा तर पत्र, चोर तिकडं पळाला तर पुन्हा पत्र. तवर चोरबी जातो, मालबी जातो. आन् वरून तुमच्याच कचेरीचा कागद, तपास का लागला न्हाई. मग म्या म्हनलं, संस्थानचा मानूस संस्थानानं बगावा. तवापासनं कागद आला न्हाई. शाबासकी आली."

"चोरी फलाटावर झाली तर ती आपलीच, जमादार. माणूस कोठलाही असो."

"व्हय," तो हळूच म्हणाला. "हे तुमी पैल्यांदाच सांगताय."



मी आनंदरावांस निरोप धाडून त्यांचा शिपाई कोंडिबा मागून घेतला. तो दुसऱ्या दिवशी घोंगडी पांघरून, बोचके घेऊन फलाटावर आला. मी आणि चिमाजी मालधक्क्याच्या आडोशास उभे होतो.

"गाव कंचं?" सावळारामाचा आवाज आला.

"वेल्हं. चाललोय भावाकडं."

कोंडिबाने बोचके कट्ट्यावर ठेवले, तो बसला, त्याची मान खाली गेली. सावळारामाच्या उजव्या हातातील झारीची धार जराही हलली नाही. डावा हात मात्र खिडकीस लावलेल्या तरटाकडे गेला, आणि बोचके तरटाआड नाहीसे झाले.

कोंडिबा उठला. "माझं बोचकं?"

"त्यो बगा, तिकडं पळाला," सावळाराम कळवळून म्हणाला. "धावा, धावा लवकर."

मी पुढे होऊन तरट वर केले.

६

खोलीत चार-दोन भांडी निघाली, कोणाचे धोतर निघाले. चांदीचे वाळे निघाले नाहीत. ते कधीच मोडले गेले होते. सावळारामाने आरडाओरडा केला नाही. तो कट्ट्यावर बसला आणि चिमाजीने विचारले तेव्हा म्हणाला, "तुमच्याच दारात शिकलो, जमादार. भोरची, वेल्ह्याची मानसं रोज तुमच्याकडनं परत जाताना बगत हुतो. जी चोरी सरकार चोरी धरत न्हाई, ती म्या का धरावी? जेजुरीवाल्याच्या पिशवीला कदी हात लावला न्हाई." भांडी आपण नसरापूरला विकत होतो, ती धोंडाबाईच्या गोधडीत गुंडाळून नेली होती, हेही त्याने कबूल केले.

चोर चौकीसमोरच उभा असून तुम्हांस का दिसला नाही, असे मी चिमाजीस विचारले नाही. चिमाजीने कागद पुढे ओढला, आणि धोंडाबाई, गेनबा, त्याने सांगितलेले दोघे, अशा एकेकाची फिर्याद तो स्वतःच्या हाताने लिहू लागला. पहिलीवर धोंडाबाईचे नाव होते.

होळीनंतर भोरच्या न्यायाधीशाने तिला सोडले. मानसिंगाची समजूत घालून त्याची घागरीच्या माराची तक्रार मिटवण्यात आली. मी फिर्यादीची शिक्क्यासह नक्कल तिच्या हाती दिली.

"हे जावयास दाखवा."

तिने कागद उलटसुलट पाहिला. "ह्यो काय बोलतो?"

"तुमची चोरी झाली, असे."

"त्याला वाचता येत न्हाई. मला न्हाई. कागुद गप बसनार. तुमी चला."

असे जाण्याची माझ्या नोकरीत रीत नव्हती. तरी मी गेलो. गाडीत ती खिडकीशी बसली आणि बोचके तिने दोन्ही पायांमध्ये घट्ट धरले होते. सबंध वाटेत ती माझ्याशी एकच वाक्य बोलली, "तुमच्या घरी कोन हाय?" मी कोणी नाही म्हणालो. तिने मान हलवली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली.

कोरेगावाजवळच्या त्या वस्तीत तिचा जावई भिमा गोठ्यापाशी उभा होता. सासूस पाहून त्याने पाठ फिरवली. मग माझी पोलिसी टोपी पाहून तो पुन्हा वळला.

"ह्यांना कशाला आनलं?" त्याने सासूस विचारले.

"मी रेल्वे पोलिसांकडचा," मी म्हणालो. "तुम्ही स्टेशनावर चौकशी केलीत तेव्हा चोरी नाही असे सांगण्यात आले. ते उत्तर चुकीचे होते. चोरी झाली होती. चोर धरला आहे. वाळे त्याने मोडले, यांनी नव्हे."

"म्या तरी सरकारला इचारूनच म्हनलो हुतो," भिमा म्हणाला.

"व्हय," धोंडाबाई म्हणाली. "तुमची चूक न्हाई."

आतून तिची लेक ठकुबाई दारात आली. तिच्या काखेत रांगते मूल होते. धोंडाबाईने ओसरीवर बसून बोचके सोडले, गोधडी झटकून अंथरली, आणि ज्या जागी टाके उसवले होते ती जागा हाताने दाबून सपाट केली. ठकुबाईने मूल गोधडीवर ठेवले. ते पालथे पडून गोधडी मुठीत धरू लागले. वाळ्यांवाचून त्याचे पाय उघडेच होते.

"आये, तू जेवली न्हाईस," ठकुबाई म्हणाली.

मला बसावयास सांगण्यात आले होते. परंतु गाडीची वेळ जवळ आली होती, आणि वर्षाच्या ताळ्यात पिंपळमाळ येथे गुन्हे एकाएकी फार वाढले, याचे कारण विचारणारे वरिष्ठांचे पत्र माझ्या नावाने कचेरीत येऊन पडले होते. मी नमस्कार करून निघालो. बांधाच्या वळणावर वळून पाहिले तेव्हा धोंडाबाईचे माझ्याकडे लक्ष नव्हते. ती सुईत दोरा ओवीत होती.